आधी यादी, मग स्कॅनर, कपाट शेवटी: कोकणातल्या रुग्णालयात औषधांच्या चुका रोखणारी यंत्रणा

औषधालयासाठी काही ‘ऑटोमॅटिक’ घ्यायचं ठरलं की प्रात्यक्षिक द्यायला आलेला माणूस पहिल्यांदा कपाट दाखवतो. बोट ठेवलं की ड्रॉवर उघडतो, दिवा लागतो, औषध हातात. बघायला झकास. पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या पन्नास ते दीडशे खाटांच्या रुग्णालयाने हे कपाट सगळ्यात शेवटी घ्यावं, आणि कित्येकांनी घेऊच नये. कपाटाला औषध ओळखता येत नाही. कुणीतरी भरलेली यादी ते खरी मानून चालतं. त्या यादीत घोळ असेल तर आजवर आठवड्यातून एकदा होणारी चूक रोज होईल, आणि पडद्यावर हिरवी खूण घेऊन होईल.

म्हणून क्रम असा ठेवा: मोजणी, औषधांची यादी, लेबलं, डॉक्टरांनी लिहिण्याची पद्धत, खाटेजवळची पडताळणी, शिरेतून औषध सोडणारे पंप, आणि मग जमलं तर कपाट. फ्रिज आणि वीज यांचं काम पहिल्या दिवसापासून सोबत चालू. नुसत्या यादी-लेबलांना दोन-तीन महिने लागतात. ते वाचवायला गेलात तर पुढे वर्षभर निस्तरत बसाल.

पहिला महिना नुसतं मोजा

प्रत्येक वॉर्डात आणि औषधालयात एक वही ठेवा. चूक कुठे झाली: डॉक्टरांनी लिहिताना, केसपेपरवरून चार्टवर उतरवताना, औषधालयातून देताना की रुग्णाला देताना? आणि पकडली कुणी, कुठे? एवढंच लिहायचं. चूक करणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. नावं मागायला लागलात की तिसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते.

ही मोजणी पैसा कुठे लावायचा ते सांगते. बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत झालेला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात अजून आधाराला घेतला जातो. लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या वाटेत कुणीतरी पकडल्या होत्या. रुग्णाला देताना झालेल्या चुका मात्र जवळपास कुणीच पकडल्या नव्हत्या. साहजिक आहे, सिस्टरच्या पुढे कुणी उभंच नसतं. तुमच्या वहीतही बहुधा हेच दिसेल.

औषधांची यादी: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम

संगणकातल्या यादीत प्रत्येक औषधाला इतके रकाने हवेत: मूळ नाव, ब्रँड, ताकद, प्रकार, कोणत्या मार्गाने द्यायचं, साठवणुकीचं तापमान, शेड्यूल (कायद्यातला वर्ग), जोखमीचं आहे का, आणि कोणत्या दुसऱ्या औषधाशी गल्लत होऊ शकते. इंजेक्शनला दोन आकडे वेगवेगळे लिहा: दर मिलिलिटरला किती आणि संपूर्ण व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, किती. हेपरिनच्या ५ मिलिलिटरच्या व्हायल दोन ताकदींत येतात, मिलिलिटरला १००० युनिट आणि मिलिलिटरला ५००० युनिट. एका व्हायलमध्ये एकूण ५,००० आणि दुसरीत २५,०००. ‘हेपरिन ५०००’ एवढीच नोंद केलीत तर ती दोघींनाही लागू पडते.

सगळ्यात जास्त घोळ एककाचा होतो. खरेदी खोक्यात, साठा स्ट्रिपमध्ये, देणं गोळीत. दहा स्ट्रिपच्या खोक्याला कुणी ‘१०’ भरतो, कुणी ‘१००’. साठा चुकतो हा त्यातला किरकोळ भाग. डॉक्टरने ‘१’ निवडलं की पडद्यावर ‘१ स्ट्रिप’ उमटते. नियम एकच करा: यादीत सर्वांत लहान एकक, म्हणजे गोळी, अँप्युल किंवा व्हायल. खोक्याचा गुणाकार संगणकाने करायचा.

तपासणी दोघांनी मिळून करा. एकाने प्रत्यक्ष खोक्यावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर टिक करायची. बिलावरून वाचलेलं चालत नाही, बिलावरची नावं कापलेली असतात. दिवसाला साठ-सत्तर औषधांच्या पुढे गेलात तर डोळे वाचल्याचं नाटक करायला लागतात, तेव्हा थांबा.

डोपामिन-डोब्युटामिन, हायड्रॅलझिन-हायड्रॉक्सिझिन, सेफोटॅक्सिम-सेफ्ट्रियॅक्सोन अशा जोड्या एका फळीवर ठेवू नका. शोधाच्या चौकटीत किमान पाच अक्षरं टाकल्याशिवाय औषध दिसू देऊ नका. हा बदल फुकटात होतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात २०१७ साली एका रुग्णाला शांत करणारं मिडॅझोलॅम द्यायचं होतं. नर्सने कपाटावर त्याच्या ब्रँडची पहिली दोन अक्षरं टाकली, काही सापडेना, म्हणून ‘ओव्हरराइड’ केलं, म्हणजे कपाटाची अट ओलांडली, आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारं व्हेक्युरोनियम हातात आलं. व्हेक्युरोनियमने श्वासाचे स्नायू थांबतात. रुग्ण दगावला. कपाट अद्ययावत होतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं यादीत मुद्दाम नीट बसवावी लागतात. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून जगापुढे आला. त्यासाठी साधी गोळी लागते. मुलांना किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या पोराला ४५० मायक्रोग्रॅम, साधारण १ मिलिग्रॅमची अर्धी गोळी. पण बाजारात रक्तदाबासाठी हळूहळू विरघळणारी एक्सएल गोळीही आहे, २.५ आणि ५ मिलिग्रॅमची. ती अर्धी करता येत नाही आणि विंचवासाठी निरुपयोगी आहे. यादीत दोन वेगळ्या नोंदी करा, आणि एक्सएलच्या नोंदीवर लाल अक्षरांत ‘विंचूदंशासाठी नाही’ असं दिसू द्या.

दुसरं सर्पदंशाचं. एएसव्हीचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनचा, डोस विषाच्या मात्रेवर ठरतो, रुग्णाच्या वजनावर नाही. मोठ्या माणसाला सुरुवातीला ८ ते १० व्हायल लागतात आणि पाच वर्षांच्या मुलालाही तेवढ्याच. संगणकात ‘बारा वर्षांखाली सगळे डोस वजनानुसार’ असा सरसकट नियम लावलात तर भातलावणीच्या दिवसांत रात्री दोन वाजता पडदा ‘डोस जास्त’ म्हणून अडवून धरेल, किंवा त्याहून वाईट, नवख्या डॉक्टरला दोन व्हायल सुचवेल. एएसव्हीला त्या नियमातून वगळा आणि वगळल्याचं लिहून ठेवा.

लेबलं: दमट हवेत काय टिकतं

सरकारने ठरवलेल्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर छापणं बंधनकारक झालं. बाकीच्या औषधांवर बहुतेकदा फक्त खोक्यावरचा उभ्या रेघांचा बारकोड असतो. त्यातून औषध कोणतं ते कळतं, बॅच आणि एक्स्पायरी कळत नाही. स्ट्रिपवर किंवा अँप्युलवर तर काहीच नसतं. म्हणून माल आला की बॅच-एक्स्पायरी भरून स्वतःची लेबलं छापावी लागतात.

स्कॅनर कॅमेऱ्यासारखा, चौकोनी कोड वाचणारा घ्या. लाल रेघ मारणारा जुना लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही. स्वस्त मिळतो म्हणून उचललेले असे स्कॅनर ड्रॉवरमध्ये पडलेले सापडतात.

छपाईसाठी रिबन वापरणारा प्रिंटर, मेण-रेझिन मिश्र रिबन आणि प्लॅस्टिकचं लेबल. कागदी लेबल जुलैत कडेने सुटतं. उष्णतेने उमटणारी साधी थर्मल छपाई तर स्पिरिटचा बोळा लागला की पुसट होते, आणि वॉर्डात स्पिरिटचा बोळा लागत नाही अशी जागा नाही. फ्रिजमधून काढलेल्या व्हायलला घाम येतो, तिच्यावर लेबल घसरतं. ती कापडाने कोरडी करा, लगेच चिकटवा आणि परत ठेवा. अँप्युलवर लेबल झेंड्यासारखं लावा, म्हणजे औषधाचं मूळ नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी झाकली जात नाही. ५० बाय २५ मिलिमीटरच्या लेबलावर नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी आणि एक सेंटिमीटरचा चौकोनी कोड आरामात बसतो.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून पुड्या बांधू नका. पावसाळ्यात हवेतला दमटपणा नव्वदीच्या आसपास असतो. सोडियम व्हॅल्प्रोएट पाणी ओढून चिकट होतं, ॲस्पिरिनला व्हिनेगरचा वास यायला लागतो. स्ट्रिप कापायचीच तर एकेक खण कापून लहान झिप पिशवीत घाला आणि लेबल पिशवीवर लावा. नाव-एक्स्पायरीचं टोक कापून आधी वॉर्डात जातं आणि मागे चार निनावी गोळ्या उरतात, ही सगळीकडची तऱ्हा आहे. त्या गोळ्या परत साठ्यात घेऊ नका.

वॉर्डात पाठवण्याआधी शंभर लेबलं स्कॅन करून बघा. पहिल्याच प्रयत्नात निदान ९८-९९ तरी वाचली गेली पाहिजेत, नाहीतर छपाई सुधारा. सिस्टरला तीनदा बटण दाबायला लावणारं लेबल चौथ्या दिवशी कुणी स्कॅन करत नाही.

डॉक्टर लिहितात तिथे

‘१ अँप’ असा डोस संगणकाने घेऊच नये. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम किंवा युनिट हेच एकक. ‘युनिट’ पूर्ण अक्षरांत. दशांशाच्या आधी शून्य हवं, नंतर नको: ०.५ बरोबर, ५.० धोक्याचं. मुलाचं वजन भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, आणि ते वजन आजचं हवं.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांना रोजचा पर्याय बंद ठेवा. मेथोट्रेक्सेट सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा असतं. रोज गेलं तर जीव घेतं. कोकणात याच्या उलट गंमत डॉक्सिसायक्लिनची आहे. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधासाठी आठवड्याला एकदा २०० मिलिग्रॅम, उपचारासाठी १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. एकच औषध, दोन वेळापत्रकं. म्हणून दोन तयार ऑर्डर करा, ‘लेप्टो प्रतिबंध’ आणि ‘लेप्टो उपचार’, आणि डॉक्टरने त्यातून निवडायचं.

सूचनांचा भडिमार करू नका. सुरुवातीला पाचच पुरे: ॲलर्जी, एकच औषध दोनदा, गरोदरपण, किडनी, कमाल डोस. दर महिन्याला पाहा, कोणती सूचना दहापैकी नऊ वेळा बाजूला सारली जाते. ती सुधारा किंवा काढा. सतत भुंकणाऱ्या कुत्र्याकडे चोर आला तरी कुणी बघत नाही.

‘एकच औषध दोनदा’ ही सूचना गणपतीत आणि शिमग्यात कामाला येते. चाकरमानी आई-वडिलांसाठी मुंबईहून गोळ्या आणतात, इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतातच. ब्रँड वेगळे, आत तेच रक्तदाबाचं टेल्मिसार्टन. दाखल होताना पिशवी रिकामी करायला सांगा आणि प्रत्येक स्ट्रिपचं मूळ नाव यादीत भरा. संगणकाला न सांगितलेली गोळी दिसत नाही.

खाटेजवळ

क्रम: हाताच्या पट्टीचा कोड, औषधाचा कोड, पडद्यावरची ओळ वाचणं, देणं, नोंद. सगळं रुग्णासमोर. पट्टी मनगटावरच हवी, खाटेच्या नंबरावर भरवसा नको. एका वॉर्डात तीन सावंत आणि दोन परब असतात, आणि खिडकीतून पाणी आलं की वॉर्डबॉय मामा खाटा हलवतात.

बोस्टनमधल्याच एका रुग्णालयात या पद्धतीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वेळेच्या चुका सोडून देतानाच्या इतर चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक चुका तशाच राहिल्या. त्या का राहतात ते आपापल्या वॉर्डात शोधायला हवं.

एक हमखास आढळणारा प्रकार: रुग्णांच्या जादा पट्ट्या छापून सिस्टर स्टेशनच्या भिंतीवर किंवा ट्रॉलीवर चिकटवलेल्या असतात. तिथेच सगळ्यांचं स्कॅनिंग उरकतं आणि मग औषधं वाटली जातात. कारण विचारलं तर खरंच कारण असतं. वायर दीड मीटरची आणि खाट पलीकडे. स्कॅनरची बॅटरी दुपारपर्यंत संपते. पट्टी अंघोळीत भिजली. रात्री तीस रुग्णांमागे एक सिस्टर. कारण दूर न करता सूचनापत्रक काढलंत तर पट्ट्या भिंतीवरून कपाटाच्या आतल्या बाजूला जातील, एवढंच.

हे पकडायला राऊंड घ्यावा लागत नाही. नोंदींच्या वेळा काढा. दोन मिनिटांत दहा रुग्णांचं स्कॅनिंग झालेलं दिसलं तर ते खाटेजवळ झालेलं नाही. ९५ टक्के डोस स्कॅन होणं हे लक्ष्य ठेवा. दर वॉर्डाला दोन स्कॅनर, एक चार्जिंगवर.

जोखमीची औषधं आणि पंप

पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० मिलिलिटरची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). ती न पातळ करता शिरेत गेली तर हृदय थांबतं. दिसायला ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी. इथे यंत्राआधी कुलूप: वॉर्डातून ती काढून घ्या, फक्त आयसीयू आणि औषधालयात कुलपात ठेवा, आणि लाल लेबल लावा.

इन्शुलिनचं इन्फ्युजन ५० मिलिलिटरमध्ये ५० युनिट असं एकाच ताकदीचं ठरवा. पण आपल्याकडे इन्शुलिन मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळतं. ४०च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ मिलिलिटर, १००च्या मधून ०.५ मिलिलिटर. ४०च्या व्हायलमधून ०.५ काढलंत तर २० युनिटच गेले. १००च्या मधून १.२५ काढलंत तर १२५. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची केशरी. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. एकच ताकद खरेदी करा आणि दुसरी सिरिंज इमारतीत येऊ देऊ नका. या निर्णयाला एक रुपया लागत नाही, आणि कुठलाही स्कॅनर इतकं काम करत नाही, कारण सिरिंजवर कोड नसतो.

स्मार्ट पंप घेतलात तर त्यात औषधांची यादी आणि मर्यादा भरून घ्या. साध्या शिरेतून पोटॅशियम तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जाऊ नये, ही ओलांडता न येणारी मर्यादा. सिस्टर ‘मिलिलिटर प्रति तास’ असं थेट भरू शकत असेल तर यादी वळसा घालून टाळली जाते. ती वाट किती वापरली गेली, याचा आकडा पंपातून दर महिन्याला काढा.

कपाट घ्यायचंच तर ओव्हरराइडने निघणाऱ्या औषधांची यादी पंधरा-वीस नावांची ठेवा: ॲड्रिनॅलिन, ॲट्रोपिन, डेक्स्ट्रोज, एएसव्ही अशी. व्हेक्युरोनियमसारखी स्नायू शिथिल करणारी औषधं त्यात नकोत. ती भूलतज्ज्ञाच्या वेगळ्या, सीलबंद पेटीत.

फ्रिज, दमट खोली, गेलेली लाईट

२ ते ८ अंशांच्या फ्रिजला दर दहा मिनिटांनी नोंद करणारा डेटा लॉगर लावा, त्याची बॅटरी स्वतःची हवी. सेन्सर ग्लायकॉल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवा, नाहीतर दार उघडलं की लगेच अलार्म होतो आणि दोन दिवसांत कुणीतरी तो बंद करतं. मोबाइलवर संदेश जाणारा अलार्म पुरत नाही, कारण वादळात आधी नेटवर्क जातं. वॉचमनच्या चौकीत भोंगा लावा. दारात इन्शुलिन ठेवू नका, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी टाकून द्यायचं. तापमान हललं तर माल वेगळा करून ‘चौकशी बाकी’ अशी चिठ्ठी लावा आणि कंपनीला विचारा. अंदाजाने वापरणं आणि अंदाजाने फेकणं, दोन्ही चूक.

औषधालयात डिह्युमिडिफायर लावून दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. त्याचं पाणी बादलीत सोडू नका, पाइपने बाहेर काढा. बादली रात्री भरते, यंत्र आपोआप बंद पडतं, आणि सकाळी कुणाला पत्ता नसतो. खारी हवा स्कॅनरच्या चार्जिंगच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढवते आणि मग ‘बॅटरी खराब’ म्हणून नवी बॅटरी मागवली जाते. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसा. मेमधल्या वळवाच्या विजा आणि परतीच्या पावसातल्या विजा लक्षात घेऊन अर्थिंग तपासून घ्या.

सर्व्हर तळमजल्यावर नको. चिपळूणात २२ जुलै २०२१ ला पाणी किती चढलं, ते तिथल्या भिंतींवर बघायला मिळालं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. इंटरनेट तुटलं तरी चालेल अशी, इमारतीतल्या सर्व्हरवर चालणारी आणि नंतर बाहेर जुळणारी प्रणालीच घ्या. विकणाऱ्याला प्रात्यक्षिकात केबल काढून दाखवायला सांगा.

बंद पडल्यावर

दर चार तासांनी प्रत्येक वॉर्डाचा औषध-चार्ट आपोआप त्या वॉर्डातल्या एका लॅपटॉपवर उतरला पाहिजे, आणि तो छापता आला पाहिजे. प्रिंटर यूपीएसवर असल्याची खात्री करा. बहुतेक ठिकाणी संगणक यूपीएसवर असतो आणि प्रिंटर भिंतीवरच्या साध्या प्लगवर.

धोका यंत्रणा परत सुरू होते तेव्हाही असतो. दुपारी दोनचा डोस कागदावर लिहून दिलेला असतो. साडेतीनला लाईट येते, पडदा म्हणतो ‘दोनचा डोस बाकी’, आणि ड्युटी बदललेली सिस्टर तो पुन्हा देते. म्हणून नियम: कागदावरचे सगळे डोस संगणकात चढेपर्यंत त्या वॉर्डाचं स्कॅनिंग सुरू करायचं नाही. चढवायचं काम डोस देणाऱ्या सिस्टरने घरी जायच्या आधी करायचं, आणि औषधालयातल्या एकाने बाजूला बसून वाचून दाखवायचं.

औषधाने त्रास झाल्याचा संशय असेल तर तो भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवा, मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. औषध चुकीने दिलं गेल्याची नोंद तुमच्या त्या पहिल्या महिन्याच्या वहीत चालूच ठेवा.

यंत्रणा बंद ठेवण्याची तालीम मेच्या शेवटी, मिरगाच्या आधी, दिवसा दोन तास आणि रात्री एक तास करा. रात्रीची तालीम टाळू नका. टॉर्चमधला सेल गेल्या वर्षीचाच आहे आणि छापील चार्टच्या गठ्ठ्याला वाळवी लागली आहे, हे तेव्हाच कळतं.